जागा न मिळालेली चांदणी

मागच्या वर्षी जानेवारीत पनवेलच्या एका शाळेच्या सभागृहात लघुग्रह शोधायची कार्यशाळा होती. मी गेले ती खरं तर एकटेपणाला कंटाळून. बेलापूरच्या विमा कचेरीतलं माझं काम आता निम्मे दिवस घरूनच चालतं. मुलगी मिताली शिकायला पुण्यात, नवरा सत्यजीत आठवडाभर नाशिकच्या कारखान्यात. नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी फक्त फ्रिजचा आवाज असतो. म्हटलं, चला, आकाश तरी बघू.

आकाश कुणी दाखवलंच नाही. पडदे ओढून घेतले आणि आशालता मराठे नावाच्या निवृत्त प्राध्यापिका बाईंनी कॉम्प्युटर लावला. त्या म्हणाल्या, "लांब समुद्रातल्या एका बेटावर, डोंगराच्या माथ्यावर मोठी दुर्बीण आहे. ती आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या अंतराने चार फोटो काढते. ते फोटो आपल्याकडे येतात. हे सॉफ्टवेअर ओळखीच्या ताऱ्यांवरून चारही फोटो एकमेकांवर अगदी नेमके बसवतं आणि एकामागून एक लुकलुकवतं. आता बघा."

पडद्यावर पांढुरकं, कणीदार काहीतरी होतं आणि त्यात काळे ठिपके. फोटो मुद्दाम उलटे करतात, म्हणजे आकाश पांढरं आणि तारे काळे. डोळ्यांना ते सोपं जातं. चित्र लुकलुकायला लागलं. सगळे ठिपके जागच्या जागी. आणि मग एका कोपऱ्यात एक बारीकसा ठिपका टुण, टुण, टुण, टुण करत सरळ रेषेत सरकला आणि पुन्हा मागे जाऊन पहिल्यापासून सरकायला लागला. सभागृहात कुणीतरी "अरे!" म्हणालं. माझ्या मात्र अंगावर काटा आला. भिंतीवरचा डाग हलावा, तसं वाटलं.

"हाच लघुग्रह," आशालताताई म्हणाल्या. "ठळक असले तर सॉफ्टवेअर स्वतःच शोधतं. फार मंद असले की त्याला ते कचऱ्यातून निवडता येत नाहीत. तिथे माणसाचाच डोळा लागतो."

"अरे!" म्हणणारा मुलगा माझ्या शेजारीच बसला होता. हृतिक भोईर. पनवेलजवळच्या नेरे गावचा. चोविशीतला, बारीक, हसरा. उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात गेटवर कॉम्प्युटरला नोंदी करायचा. चहाच्या वेळी म्हणाला, "ताई, दिवसभर कंटेनरचे नंबरच बघतो आमी. डोलं पक्के झालेत." मग जीभ चावून "डोळे" म्हणाला. दोघादोघांच्या जोड्या लावायच्या होत्या, एकाने पाहिलेलं दुसऱ्याने तपासायचं. आशालताताईंनी आम्हा दोघांची जोडी लावली.

हृतिक मला भेटला तो तेवढाच. पुढे सगळं ई-मेलवर. फोटो आले की तो आपले बघायचा, मी माझे. ठिपका सापडला की त्यावर क्लिक करायचं. एक छोटी खिडकी उघडते, त्यात त्या ठिपक्याच्या उजेडाचा आलेख येतो. खरी वस्तू असेल तर गुळगुळीत उंचवटा दिसतो, खोटी असेल तर नुसती वेडीवाकडी दातेरी रेघ. चारही फोटोंत उंचवटा आला की रिपोर्ट पाठवायचा. हृतिकच्या रिपोर्टसोबत नेहमी दोन ओळी असायच्या. "ताई, आज सेट भारी हाय, कोपरा सोडू नका." "ताई, हा माझा नाही, जुनाच निघाला. पण एक दिवस आपला स्वतःचा सापडणार बघा. आजवर कुणीच न पाहिलेला." असं तो फार वेळा लिहायचा.

श्रावणात त्याचे मेल थांबले. पावसाचे दिवस, यार्डात काम वाढलं असेल, असं मी समजले. दसऱ्याच्या सुमाराला नवे फोटो सुरू झाले आणि त्याचे रिपोर्टही सुरू झाले. फक्त आता त्यात दोन ओळी नसायच्या. नुसते आकडे. मी विचारलं, "काय रे, रागावलास का?" उत्तर नाही. दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या. उत्तर नाही. रिपोर्ट मात्र येत राहिले, नेहमी दुपारी, जेवणं उरकून घरं सुस्तावतात त्या वेळेला.

आणि ते रिपोर्ट वेगळे होते.

पूर्वी हृतिकला सापडायचं ते मलाही सापडायचं. आता तो अशा जागा कळवायचा, जिथे मला काहीच दिसत नव्हतं. सॉफ्टवेअरलाही दिसत नव्हतं. मी खोलीत अंधार करून त्या जागेवर नजर लावून बसायचे. पांढरी कणीदार पाटी लुकलुक, लुकलुक. काही नाही. डोळ्यांतून पाणी यायचं. हा मुलगा मनाला येईल ते पाठवतोय, असं ठरवून उठायला लागावं, आणि नेमक्या त्याच क्षणी डोळ्यांच्या कडेला काहीतरी सरकायचं. सरळ बघितलं की नाही. नजर थोडी बाजूला केली की आहे. क्लिक केलं की खिडकीत बारीकसा, पण गुळगुळीत उंचवटा. चारही फोटोंत.

पहिल्यांदा मला कौतुक वाटलं. नंतर कौतुक राहिलं नाही. भीती वाटायला लागली. आपल्या घरात कुणीतरी आपल्याआधीपासून बसलेलं आहे आणि आपल्याला ते आत्ता दिसतंय, अशा जातीची ती भीती होती. दिवसाउजेडी मी स्वयंपाकघरातले दिवे लावून ठेवायला लागले.

एकदा मी सरळ फोन लावला. बराच वेळ वाजला आणि मग उचलला गेला.

"हृतिक?"

पलीकडे कुणी बोलेना. लांब कुठेतरी कोंबड्या कलकलत होत्या. आणि अगदी जवळ, कानाला लागून, श्वास.

"हृतिक, मी चारुता सबनीस. नवीन पनवेल. ऐकू येतंय का?"

श्वास थांबला. म्हणजे कुणीतरी तो धरून ठेवला. मग फोन बंद झाला.

जानेवारीत आशालताताईंचा फोन आला. त्यांचा आवाज उतरलेला होता. "चारुता, हृतिकचं प्रशस्तिपत्र पाठवायचं होतं, पत्ता हवा होता, म्हणून मी त्याच्या यार्डात फोन केला. अगं, तो गेला. श्रावणातच. लेप्टो झाला होता. शेतात पाणी भरलं होतं, त्यात उतरला, पायाला जखम होती. ताप डोक्यात गेला आणि चार दिवसांत सगळं संपलं."

मी खुर्चीत बसूनच होते. समोर कॉम्प्युटर उघडा होता. त्यावर हृतिकचा रिपोर्ट होता, थोड्या वेळापूर्वी आलेला.

"ताई," मी म्हटलं, "मग हे कोण पाठवतंय?"

त्या म्हणाल्या, "घरातलं कुणीतरी त्याचं खातं वापरत असेल." मलाही तेच कळत होतं. नोकरी करणारी, हिशेबी डोक्याची बाई आहे मी. पण कळण्याचा काही उपयोग होत नव्हता. खातं कुणीही वापरेल. ते ठिपके कसे कुणीही बघेल?

शनिवारी सकाळी स्कूटर काढली आणि नेऱ्याला गेले. रस्त्याला दोन्ही बाजूंनी फार्महाऊसची फाटकं, त्यांवर इंग्रजी नावं, आत कुत्री. समोर प्रबळगड अर्धा धुरक्यात. वरून एक विमान खाली उतरत होतं. जवळचा नवा विमानतळ सुरू झाल्यापासून ती इथूनही दिसतात. नाक्यावर वडे तळणाऱ्याला मी भोईरांचं घर विचारलं.

"कोन भोईर?"

"हृतिक भोईर."

त्याने झारा कढईच्या काठावर ठेवला. "तो नाय आता."

"माहीत आहे मला. घरी जायचंय."

त्याने रस्ता सांगितला. मी वळले तेव्हा मागून म्हणाला, "बाई, त्या मागच्या खोलीत नका जाऊ. भर दुपारचा तिथं उजेड लुकलुकतो. पोरगा गेल्यापासून. आमच्या बायका त्या वाटेनं पानी आनायला जात नाय."

घर जुनं होतं, पुढे नव्या स्लॅबची ओसरी काढलेली. ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ खांबाला टेकून बसले होते. काशीराम भोईर, हृतिकचे वडील. मी नाव सांगितलं, हृतिकची ओळख सांगितली. त्यांनी मान हलवली. नुसता हात आत दाखवला.

आतून भामाबाई आल्या. साठीच्या असतील. उंचनिंच, सडसडीत, आखूड नेसलेलं लुगडं, कपाळावर गोंदण. माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. त्या बघण्यात एक गोष्ट मला लगेच जाणवली. त्यांची पापणी लवत नव्हती. लवायची, पण फार उशिराने.

"तू फोन केलावतास," त्या म्हणाल्या. "तुजा आवाज वलकते मी."

"मावशी, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू त्याला हाक मारलीस. माज्या तोंडून 'तो नाय' निगालं असतं. मना ते बोलायचं नव्हतं."

त्यांनी मला चहा दिला, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी समोर ठेवली. खाल्ल्याशिवाय पुढचं बोलायला तयार नव्हत्या. मग उठून म्हणाल्या, "ये."

मागची खोली. खिडकीला घोंगडी टांगलेली. आत एक टेबल, प्लॅस्टिकची खुर्ची, खुंटीवर यार्डाचं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. आणि पडद्यावर ते पांढुरकं आकाश, लुकलुक करत. भिंतींवर, जाकिटाच्या पट्ट्यांवर, भामाबाईंच्या चेहऱ्यावर तो उजेड येत होता, जात होता. घोंगडीच्या पलीकडे लख्ख ऊन होतं, एक कोंबडा आरवत होता. आत मात्र दिवसाचा पत्ता नव्हता.

"रिपोर्ट तुम्ही पाठवता?" मी विचारलं.

"ह्यो दाबला की फोटो येतात. मंग ठिपक्यावर माउस दाबायचा. ह्यो दाबला की जातं," त्यांनी की-बोर्डवरच्या दोन बटणांवर बोट ठेवलं. त्यांवर लाल नेलपॉलिशचे थेंब होते. "त्यानंच लावून दिलंय. कामावरून यायला उशीर झाला का मी बगून ठेवायची. तो यायचा न् बोलायचा, आये, तू बगितलंस ना, मंग हायच."

म्हणजे तो जिवंत असतानाही काही ठिपके आईचेच होते.

त्यांची कहाणी मला त्या दिवशी आणि पुढच्या काही फेऱ्यांत तुकड्यातुकड्याने कळली. त्या मूळच्या उरणकडच्या करंजाजवळच्या. बाप मिठागरावर. लहानपणी त्यांना राखणीला बसवायचे. मिठाचे ढीग उघड्यावर, भोवती मैलभर पांढरं सपाट आगर आणि डोक्यावर ऊन. त्या पांढऱ्यावर नजर ठेवायची. लांबवर काळा ठिपका दिसला तर तो दगड आहे, पक्षी आहे की मीठ न्यायला आलेला माणूस, हे ओळखायचं. "दगूड हलत नाय," त्या म्हणाल्या. "पन उनात समदंच हललेलं दिसतं. तवा डोलं सैल सोडायचं. बगायचं नाय, नुसतं बसायचं. जे खरं हललं ते आपसूक येतं." इतर पोरं तासाभरात डोळे चोळत घरी पळायची. भामा दिवसभर बसायची. एकदा दुपारी तिला आगरावर एक बाई चालत येताना दिसली. सगळ्यांना दाखवली, कुणालाच दिसेना. संध्याकाळी कळलं, पलीकडच्या गावातली बाई खाडीत बुडाली होती. "तवापासून मना कोन राकनीला पाटवीना," त्या सहज म्हणाल्या. जणू पाऊस आल्याने काम बंद पडलं होतं.

लग्न होऊन नेऱ्याला आल्या. मूल होईना. फार उशिरा, सगळ्यांनी आशा सोडल्यावर हृतिक झाला.

"मावशी," मी विचारलं, "तो गेल्यावरही का बघत राहिलात?"

त्या पडद्याकडे बघतच बोलल्या. "दहाव्याला आपट्याला गेलो. पातालगंगेच्या घाटावर. पिंड ठेवला. कावला शिवंना. झाडावर बसलेलं व्हतं, खाली येईना. ह्यांनी सांगितलं, बाबा, तुजी गाडी कुनाला देनार नाय. त्याचा मावसभाऊ बोलला, आईबापाला बगू आमी. समद्यांनी सांगून बगितलं. कावला नाय आला. दुपार टलली. मंग भटानं दर्भाचा कावला करून शिववला. दर्भाचा कावला खरा नसतो, बाय. मी तिथंच समजले, पोर कुटं गेलंच नाय. फिरतंय."

पडदा लुकलुकत होता.

"लोक बोलतात, मेलेलं मानूस चांदनी व्हतं. ह्या बग. ह्या समद्या आपल्या जाग्यावर हायत. जुन्या मेलेल्या. त्यांना जागा भेटली. जी चालते, तिला अजून भेटली नाय. ठलक चालतात त्या नाय मी बगत. त्या समद्यांना ठावूक हायत, त्यांना नावं हायत. आपलं पोर आताच गेलंय. ते बारीक असंल. नवीन असंल."

लघुग्रह म्हणजे दगड असतो, सूर्याभोवती फिरतो, हे मला माहीत होतं. हृतिकनेही त्यांना सांगितलेलं असणार. पण त्या अंधाऱ्या खोलीत दगड हा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला नाही.

घरी येऊन मी आशालताताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गेलेल्या माणसाच्या नावाने रिपोर्ट पाठवता येणार नाहीत. आईचं नाव घालू." ते सांगायला मी पुन्हा नेऱ्याला गेले. भामाबाईंनी ऐकून घेतलं. "मंग तू बस माज्याबरोबर," एवढंच म्हणाल्या. "येकलीला आता भ्या वाटतं."

"कशाचं?"

"सापडंल, त्याचं."

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे जायला लागले. शेजारी दुसरी खुर्ची ठेवायचे. त्या बघायच्या, मी क्लिक करायचे. त्या खोलीत बसायची मला कधी सवय झाली नाही. घोंगडीमागे वारा आला की जाकिटाच्या पट्ट्या चमकायच्या आणि माझी मान आपोआप वळायची. भामाबाईंची मान कधी वळली नाही. "तो मागं नाय," त्या म्हणायच्या. "म्होरं बग."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी फोटो उघडले आणि त्या लगेच ताठ बसल्या. एरवी बराच वेळ जायचा. त्यांनी हात पुढे केला. नुकतंच पीठ मळून आल्या होत्या, बोटाला तांदळाचं पीठ होतं. पडद्याच्या खालच्या अंगाला बोट टेकवून त्या कुजबुजल्या, "ह्यो बग."

मला काही दिसलं नाही. नजर बाजूला केली, डोळे सैल सोडले, मिटून उघडले. काही नाही. त्यांचं बोट हळूहळू सरकत होतं. मी घाबरत बोटाच्या टोकाशी क्लिक केलं. खिडकी उघडली. उंचवटा होता. मुंगीएवढा, पण गुळगुळीत. दुसऱ्या फोटोत होता. तिसऱ्यातही होता. त्या पट्ट्यातले इतर लघुग्रह जवळजवळ एकाच दिशेने सरकतात, रस्त्यावरच्या गाड्यांसारखे. हा त्यांना आडवा छेदून चालला होता. एकटाच.

चौथा फोटो उघडणार एवढ्यात लाइट गेली.

पडदा काळा झाला. खोलीत आम्ही दोघी आणि काळोख. मी मोबाइलचा दिवा लावायला गेले तशी त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता. "नको. तो पलंल."

थोड्या वेळाने डोळे अंधाराला सरावले. घोंगडीच्या विणीतून सुईएवढा उजेड येत होता. त्यात मला दिसलं, भामाबाईंचं बोट बंद पडद्यावरच होतं. आणि ते सरकत होतं. थांबत, सरकत, थांबत. त्यांचे डोळे काळ्या काचेवर खिळलेले होते आणि ओठ हलत होते. लहान मुलाला चालायला शिकवताना आई पुढे हात धरून मागे मागे सरकते, तसं त्या पुटपुटत होत्या. "ये. ये. हितं ये. हां." एका जागी बोट थांबलं. तिथे त्यांनी ते दाबून धरलं, आणि मग काढून घेतलं.

कुणीतरी आमच्यामध्ये, दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत येऊन उभं आहे, असं मला वाटत होतं. मी त्या बाजूला बघितलं नाही. आजही सांगते, बघायला हवं होतं असं मला वाटत नाही.

लाइट आली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू व्हायला वेळ लागला. चौथ्या फोटोतही तो होता. त्याच भागाचे त्याच रात्री नंतर काढलेले आणखी चार फोटो आम्हाला आले होते, ते मी सॉफ्टवेअरमध्ये चढवले. पडद्याच्या काचेवर, अंधारात बोट थांबलं होतं तिथे, पिठाचा ठसा तसाच होता. मी ठशाच्या मधोमध क्लिक केलं.

उंचवटा होता.

सरळ रेषेत चाललेली वस्तू पुढे कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो, हे मी स्वतःला तिथेच सांगितलं. नंतरही कितीदा सांगितलं. मिठागरावर वाढलेल्या बाईला वेगाचा अंदाज असणारच. पण क्लिक करताना माउस दोनदा ठशाबाहेर गेला; भामाबाईंनी माझ्या हातावर आपला हात ठेवला, तेव्हा कुठे तो स्थिर झाला.

रिपोर्ट आम्ही भामा काशीराम भोईर या नावाने पाठवला. आशालताताईंनी दोनदा विचारलं, नक्की ना? इतकं मंद सहसा कुणी पाठवत नाही. मी म्हटलं, नक्की.

मार्च संपता संपता त्यांचा फोन आला. परदेशातल्या दुसऱ्या एका मोठ्या दुर्बिणीने तो सांगितलेल्या वाटेवरच टिपला होता. आधी कुणीही नोंदवलेला नव्हता. त्याला तात्पुरता क्रमांक मिळाला. कायमचा क्रमांक आणि नाव मिळायला अजून कित्येक वर्षं जातील. तोवर तो हरवूही शकतो, असंही त्यांनी बजावलं.

मी पेढे घेऊन नेऱ्याला गेले. भामाबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. मी सांगितलं. त्या उकिडव्या बसल्या तशाच राहिल्या.

"दुसऱ्यांनीबी बगितला?"

"हो मावशी. लांबच्या देशातल्या लोकांनी. जिथे असायला हवा होता तिथेच होता."

"बरं," त्या म्हणाल्या आणि मिरच्या पसरायला लागल्या. पसरता पसरता म्हणाल्या, "वाटंला लागला. आता सारकं सारकं बगू नये. दिष्ट लागते."

त्या दिवसापासून त्यांनी बघणं सोडलं. अगदी सोडलं. खिडकीची घोंगडी काढली, धुऊन वाळत घातली. जाकीट घडी करून पेटीत ठेवलं. पुढच्या खेपेला गेले तर त्या करंजाला बहिणीकडे गेलेल्या होत्या. आल्या त्या सुकट घेऊन. मला पिशवीभर दिली. मिताली कशी आहे, विचारलं. मोठ्याने हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. डोळ्यांची पापणीही आता इतरांसारखी लवत होती.

मी एकटी अजून फोटो बघते. मला तेवढं दिसत नाही. ठळक सापडतात, मंद असतील ते निसटत असणार.

मे महिन्यात एका दुपारी मी नेऱ्याहून निघत होते. भामाबाई आत भांडी घासत होत्या. काशीरामबाबा ओसरीवर नेहमीच्या जागी होते. इतक्या फेऱ्यांत ते माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते. मी चपला घालत होते तेव्हा त्यांनी हात केला. मी जवळ गेले.

"बाय," ते आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "तिला भेटला. मना नाय भेटला."

"ते मशीन मना शिकवशील?"

मी चपला काढल्या. मागच्या खोलीत गेलो. खिडकीला आता काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचं पांघरूण आणून बांधलं. मी खुर्ची ओढून दिली, फोटो लावले, लाल थेंबाची बटणं दाखवली. पडदा लुकलुकायला लागला. ते पुढे वाकले, नाक काचेला लागेपर्यंत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला आहे, हे मला त्या उजेडात दिसलं. त्यांना ठळक तारेसुद्धा दिसत नसणार.

बाहेर भांड्यांचा आवाज थांबला होता. भामाबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले, आत आल्या आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. पडद्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

"दिसतंय का बाबा?" मी विचारलं.

"थांब," ते म्हणाले. "येल लागतो दिसायला."

दिवाळीनंतर त्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलंय. पनवेलला न्यायचं आणि आणायचं काम माझ्याकडे आहे.